दहाव्या बोल्टपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

विद्याचं म्हणणं असं की फोनवर रोज कारखान्याच्या गोष्टी ऐकून तिचे कान किटले आहेत. त्या वहीत लिहा आणि माझ्याशी घरातलं बोला, म्हणाली. ती नाशकात, मी गेली अकरा वर्षं सिल्वासात. बेअरिंगवाल्याने दिलेली डायरी कोरीच पडली होती. तर ही सुरुवात.

आज मीटिंगमध्ये जुन्या जनरेटरचा विषय निघाला. त्याच्या डिझेल इंजिनात पुन्हा तेलात पाणी उतरलंय, म्हणजे वरचं झाकण, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलं. आशिष, आमचा नवा प्लांट हेड, पुण्याचा, वय चौतीस. म्हणाला, "पिंगळे सर, भंगारात देऊ या. चौदा तारखेला गिऱ्हाईकाचं ऑडिट आहे. त्या दिवशी लाइट गेली आणि बॅकअप नसला तर मशिनीतलं प्लास्टिक आतल्या आत थिजेल. भाड्याने जनरेटर मागवतो."

मी म्हणालो, दहा दिवस द्या. हेड उतरवतो, मशीनिंग करून आणतो, इंजिन नव्यासारखं चालेल. सगळे माझ्याकडे बघत होते. बरं वाटलं. अलीकडे मीटिंगमध्ये माझ्याकडे कोणी बघत नाही.

बाहेर येऊन भिकाला सांगितलं. भिका महाले, पारोळ्याकडचा, आमचा सगळ्यात जुना फिटर. सत्तावीस वर्षं याच शेडमध्ये. डोकं खाजवत म्हणाला, "दहा दिवस? हेड वापीला जाईल मशीनिंगला, चार दिवस तिथंच जातील."

"मग उरले सहा."

हसला. "तुमी बोली आले ना साहेब आता. मंग होईल."

५ फेब्रुवारी, बुधवार

हेड उतरवलं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळून काळं पडलेलं. भिकाने आधीच सांगितलं होतं, इथंच असेल. इंजिन उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून.

हेड टेम्पोत चढवताना भिका दोनदा खाली टेकला. म्हटलं, म्हातारा झालास. तर म्हणतो, "तुमच्याहून दोन वर्षं लहान शे मी." सगळे हसले. घाम मात्र असा आलेला की जणू वैशाख चालू आहे. थंडी अजून सरलेली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हेडचे सव्वीस बोल्ट रॉकेलने धुऊन मापले. जुन्या बोल्टांची हीच गंमत, दिसायला ठणठणीत, पण वर्षानुवर्षं ताणून लांब झालेले असतात. ऑफिसचा कागद हाताशी नव्हता म्हणून इथे लिहून ठेवतो: ३, ११, १२ आणि २० नंबर लांबीच्या बाहेर, हे चार नवे घालायचे. बाकीचे चालतील.

भिकाची मुलगी सोनम गलोंड्याला पॅकिंगमध्ये कामाला लागली. त्याने पेढे आणले होते. स्वतः खाल्ला नाही. पित्त चढेल आहे, म्हणाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

हेड वापीहून आलं. पृष्ठभाग आरशासारखा. भिकाने ब्लॉकमधली बोल्टांची भोकं हवेच्या पाइपने फुंकली, मग प्रत्येकात चिंधीची वात घालून फिरवली. भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण हेडला धरत नाही. कोणी चिंधी घालत नाही, नुसती हवा मारतात. हा घालतो. मी घड्याळ बघत उभा. सव्वीस भोकांना दुपार गेली.

सकाळी आल्या आल्या अर्ध्या दिवसाची सुटी मागत होता. डॉक्टरला दाखवतो म्हणाला, छातीत जळजळ आणि डाव्या हाताला मुंग्या. म्हटलं, आयुष्यभर पाना ओढल्यावर मुंग्या येणारच, शुक्रवारी ऑडिट झालं की दोन दिवस घे, चार घे. "बरं साहेब," म्हणाला. या लोकांना नेमकी कामाच्या वेळी दुखणी आठवतात. माझ्या ड्रॉवरमधली पित्ताची गोळी दिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुटीत लिहितोय. काल गॅस्केट ठेवून हेड बसवलं. आज बोल्ट. थ्रेडला आणि वॉशरखाली तेलाचं नुसतं बोट. मग मधल्या बोल्टपासून सुरू करून गोल गोल बाहेर. तीन राऊंड: आधी पाच किलो जोर, मग दहा, मग पंधरा. एकदम आवळलं तर हेड वाकतं, बाहेरून सुरू केलं तर मधे फुगतं. पहिला राऊंड जेवणाआधी झाला. प्रत्येक बोल्ट झाला की भिका त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. ठरलेला जोर भरला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याचा टक् असा आवाज आला की मान हलवतो, जणू त्याने काही विचारलं होतं आणि बोल्टने हो म्हटलं.

भिका जेवला नाही. डबा तसाच. "दुसरा राऊंड उद्या घेऊ का साहेब?" म्हणाला. उद्या ट्रायल घ्यायची आहे, आजच संपव म्हटलं. आशिष दोनदा डोकावून गेला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भिका गेला.

काल सव्वाचार वाजले होते. मी ऑफिसात होतो. वाल्मिक धावत आला. तो दुसरा फिटर, भिकाच्या हाताखाली शिकलेला. म्हणाला, भिकाभाऊ पडले. मी गेलो तेव्हा तो इंजिनाला टेकून बसला होता, पाय पसरून, एक हात मांडीवर. डोळे उघडे. मी हाक मारली. टॉर्क पाना खाली फरशीवर पडला होता.

कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाल्मिक रस्ताभर त्याची छाती दाबत होता. डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच.

आक्काबाई, म्हणजे त्याची बायको, जवळच्या सायली गावातल्या खोलीवरून रिक्षाने आली. पायात चप्पल नव्हती. रडली नाही. एकेकाकडे बघत माझ्यापाशी आली आणि विचारलं, "साहेब, तुमले काही बोलेल होते का ते? दुखी राहिलं म्हणून?"

आशिष शेजारी उभा होता.

मी म्हणालो, "नाही हो वहिनी. ठणठणीत होता."

ती बाकावर बसली.

खरं तर पित्त म्हणाला होता. पित्त वेगळं आणि हे वेगळं. डॉक्टरसुद्धा फसतात यात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑडिट झालं. भाड्याचा जनरेटर बुधवारीच संध्याकाळी आला होता. आशिषने एक फोन केला आणि दोन तासांत ट्रेलर गेटवर. लाइट दिवसभर गेली नाही.

भिकाला गावी नेलं. वाल्मिक सोबत गेला. मी ऑडिटमुळे जाऊ शकलो नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आशिषने लेखी मागितलं. कामाच्या जागी मृत्यू म्हणजे कागदपत्रं लागणारच. मी लिहिलं: "सदर कर्मचाऱ्याने प्रकृतीबाबत कोणतीही तक्रार केली नव्हती." सही केली. आशिषने वाचून मान हलवली. "थँक यू सर. मॅटर क्लिअर राहिलेलं बरं."

इंजिन तसंच उघडं आहे. कोणी हात लावत नाही. मी ताडपत्री टाकली.

पिवळ्या रेघा मोजल्या. सगळ्या बोल्टांवर एक रेघ आहे. नऊ बोल्टांवर दोन. दहाव्यावर पाना लावलेला असताना तो पडला. दुसरा राऊंड दहाव्या बोल्टपर्यंत.

विद्याने विचारलं, जेवलात का. हो म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सोनमचा फोन आला, गावाहून. वडिलांच्या कपाटातला डबा आणि चष्मा ठेवून द्या, म्हणाली. आणि पुढे, "काका, आई काही खातच नाही. कोणाशी बोलत नाही. एवढंच विचारते, कंपनीत त्यांनी कोणाला सांगितलं होतं का. तुम्ही बाकीच्यांना विचारून बघाल का?"

विचारतो म्हणालो.

फोन ठेवला. त्यांचे कोणीतरी कान भरले असणार. तक्रार करायचा विचार दिसतो. आशिषला सांगावं की नाही? माझी सहा वर्षं उरलीत नोकरीची. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. दोन दिवस थांब म्हटलं होतं, एवढंच. जगातला प्रत्येक साहेब हेच म्हणतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टॉर्क पाना तपासायला वापीला पाठवला होता, तो आज परत आला. पडल्यावर पान्याचं माप चुकतं. चुकलंच होतं, दुरुस्त करून दिलाय. याचा अर्थ नऊ बोल्ट पडायच्या आधीच्या मापाने आणि पुढचे आताच्या मापाने, असं चालणार नाही. सगळे ढिले करून पहिल्यापासून आवळावे लागणार.

वाल्मिकला सांगितलं. तो पाना हातात घेऊन उभा राहिला, मग खाली ठेवला. "सर, मेरेसे नही होगा," म्हणाला. एरवी माझ्याशी मराठीत बोलतो. "भाऊंनी आवळेल आहेत. मी नाही खोलणार. दुसऱ्या कोणाला सांगा." आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

ठीक आहे, मी करतो म्हटलं. चार नवे बोल्ट कुठल्या नंबरला घातलेत ते बघायला ही डायरी मागे उलटली. आठ तारखेचं पान. ३, ११, १२, २०. तिथंच खाली: स्वतः खाल्ला नाही, पित्त.

पुढचं पान वाचलं. दहा तारीख.

माझंच अक्षर आहे. छातीत जळजळ, डाव्या हाताला मुंग्या. हे मी लिहिलंय. लिहिताना मला कळलं नाही असं मी म्हणू शकतो का? अडाणी माणसालाही कळेल. आमच्या नोटिस बोर्डावर हृदयविकाराच्या लक्षणांचं पोस्टर आहे, ते मीच लावून घेतलं होतं. डावा हात, घाम, जळजळ. खाली लिहिलंय, दुर्लक्ष करू नका.

"या लोकांना नेमकी कामाच्या वेळी दुखणी आठवतात." सत्तावीस वर्षांत त्याने आजारपणाची सुटी किती वेळा घेतली ते रजिस्टरमध्ये बघितलं. सोनमच्या जन्माच्या वेळी मलेरिया झाला होता तेव्हा. आणि एकदा बोट चेपलं तेव्हा.

तीनदा सांगितलं त्याने. पेढ्यांच्या दिवशी, सोमवारी आणि बुधवारी. बुधवारी तर नुसतं एवढंच विचारलं होतं, उद्या घेऊ का.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी साडेसातला एकटाच शेडमध्ये गेलो. ढिले करताना उलटं जायचं, बाहेरून आत. तीस वर्षांत स्वतः पाना धरला नव्हता. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा काही महिने धरला, मग टेबल मिळालं.

पहिला बोल्ट सुटेना. त्याने आवळलेला. सगळा भार टाकला तेव्हा कटकन सुटला आणि मी कठड्यावर आपटलो. सव्वीस बोल्ट सोडवायला तासभर लागला. गॅस्केट नवं घेणंच बरं, दीड राऊंडाने दबलं असणार. स्टोअरमध्ये एक होतं. मग हेड उचलायला माणसं लागली. वाल्मिक आला आणि एका बाजूने धरलं.

भोकं पुन्हा साफ केली. मी नुसती हवा मारणार होतो. वाल्मिकने चिंधी फाडून पुढे केली.

पहिला राऊंड. मधून बाहेर. नंबर मी बोलायचो, वाल्मिक रेघ ओढायचा. दुसऱ्या राऊंडच्या दहाव्या बोल्टला पाना नीट बसेना. कमरेत वाकून डाव्या हाताने जोर लावायचा असतो तिथे, कारण मधे पाइप येतो. त्याच हाताने. जेवण न करता, भर दुपारी, छातीत आग होत असताना त्याने असे किती वेळा ओढले आणि पुढचे ओढत राहिला, कारण मी म्हटलं होतं आजच संपव.

मी फरशीवर बसलो. वाल्मिकही शेजारी बसला. म्हणाला, "सर, त्या दिवशी ते मलाही बोलले होते. सरबत आणून देऊ का विचारलं मी. नको म्हणाले." मग रडायला लागला. माझं सुरू होऊन आधीच थोडा वेळ झाला होता.

तिसरा राऊंड चहानंतर केला. पाच वाजता इंजिन चालू केलं. पहिल्या फटक्यात सुरू झालं, धूर नाही, पाणी नाही. तासभर गरम करून बंद केलं. शेडमधल्या एकानेही टाळी वाजवली नाही, एरवी वाजवतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आशिषकडे गेलो. सोमवारचा कागद परत मागितला. "का?" म्हणाला.

"खोटं लिहिलंय त्यात. त्याने सुटी मागितली होती. छातीचं सांगितलं होतं. मी दिली नाही."

त्याने दार लावून घेतलं. "पिंगळे सर, तुम्हाला कळतंय ना याने काय होईल? मेमो निघेल. चौकशी लागेल. तुमच्यावरच येणार सगळं."

"माझ्यावरच येऊ दे."

"त्याने काय तो परत येणार आहे?"

नाही, म्हणालो. नवा कागद लिहिलेलाच नेला होता, टेबलावर ठेवला. जुना त्याने दिला नाही. दोन्ही फाइलला लावतो म्हणाला. मग खिडकीकडे बघत, "ऑडिटची तारीख मी पुढे मागून घेऊ शकलो असतो, सर. तुम्ही दहा दिवस म्हणालात म्हणून मागितली नाही." मला वाटलं होतं त्याच्याविषयी माझ्या मनात राग आहे. नाहीये.

संध्याकाळच्या गाडीने निघतोय. उद्या भिकाची गंधमुक्ती आहे, बाराव्याचा विधी. विद्याला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जा. तिथे जेवायला बसू नका, आधी बोला."

२४ फेब्रुवारी, सोमवार

अमळनेरला उतरून जीपने गेलो. काल लिहायला झालं नाही, आज परतीच्या गाडीत लिहितोय.

घर गावाच्या टोकाला. मांडव होता, पंगत बसत होती. बरीच माणसं मला ओळखत होती, "कंपनीचे साहेब आले" म्हणत खुर्ची दिली. भिकाचा फोटो खुर्चीवर, हार घातलेला. कारखान्याच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा केलेला, त्यात तो रागावल्यासारखा दिसतो. तो तसा कधीच दिसत नव्हता.

आक्काबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी दाराशी उभा राहिलो, सोनमने आत बोलावलं. दोन बायका होत्या, त्या उठून गेल्या. सोनम पाणी आणायला गेली.

वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "वहिनी, दवाखान्यात मी तुम्हाला खोटं सांगितलं. भिका बोलला होता मला. छातीत जळजळतंय, हाताला मुंग्या येतात. सोमवारी सुटी मागितली, मी दिली नाही. बुधवारी काम उद्यावर टाकू का म्हणाला, मी नाही म्हटलं."

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमले सांगेल होतं?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"हो."

"खरं?"

"हो, वहिनी. तीनदा."

तिने पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "मलेबी सांगेल होतं. मंगळवारी, कामावरून आल्यावर. मी ओवा दिला, सोडा दिला. बोलली, साहेबाचं काम आहे, दोन दिवस कळ काढा. बुधवारी सकाळी बोलले, आज जाऊ नको वाटी राहिलं. मीच डबा भरून हातात दिला. मीच पाठवलं."

मी तिथेच खाली बसलो.

"तुमले विचारलं मी त्या दिवशी. तुमी नाही बोलले. मंग मले वाटलं, जगात मले एकटीलेच सांगेल होतं त्यांनी. अन मी ऐकलं नाही. अकरा दिवस झाले साहेब. कोणालेच सांगितलं नाही मी. पोरीलेबी नाही."

तिने तक्रार करायची म्हणून विचारलं नव्हतं. ती सोबत शोधत होती, आणि मी नाही म्हणून सगळं तिच्या एकटीच्या अंगावर टाकून ऑडिटला निघून गेलो होतो.

"जसं बोलले तसं सांगा," ती म्हणाली. "त्यांच्याच शब्दात."

मी सांगितलं. "दुसरा राऊंड उद्या घेऊ का साहेब" हेही सांगितलं, आणि मी काय म्हणालो तेही. या लोकांना नेमकी कामाच्या वेळी दुखणी आठवतात, असं मी घरी जाऊन लिहिलं होतं, तेसुद्धा. ती मान हलवत ऐकत होती. एकदाच मधे बोलली, "हां. असंच बोलायचे, 'बरं साहेब.'"

मग ती रडली. तेव्हापासून पहिल्यांदा, हे सोनमने मला नंतर सांगितलं.

सोनम पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. आक्काबाईने तिला हात करून जवळ बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.

"साहेब," म्हणाली, "हिलेबी सांगा. मी मधे माझं सांगते."

बाहेर दुसरी पंगत बसत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.